मत नसलेल्यांचा खासदार

संख्येची मोजदाद आपल्या समाजाला नवी नाही. विधानसभेत आपले किती निवडून आले, लोकसभेत किती, महामंडळावर कोणाची वर्णी लागली, याची चर्चा निकालाच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीपासून मशिदीच्या ओट्यापर्यंत रंगते. ती गैर नाही. पण तिच्या पुढचा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. निवडून आलेला माणूस कोणाच्या मतांवर आला? तो बोलतो कोणाच्या वतीने? आणि या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असतील, तर त्याच्या आवाजाचे काय होते?

या प्रश्नांचा विचार करण्यासाठी इतिहासातील एक निवडणूक फार उपयोगी आहे. ती आपल्या देशातली नाही, आपल्या राज्यकर्त्यांच्या देशातलीही नाही. ती आहे नेदरलँड्सची, म्हणजे ज्या देशाला आपण सरसकट हॉलंड म्हणतो त्याची. २६ एप्रिल १९३३ रोजी तेथे संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी मतदान झाले. १०० जागांपैकी एका जागेवर रुस्तम एफेंदी नावाचा तरुण निवडून आला. तो सुमात्रा बेटावरील पादांग गावचा. मुस्लिम समाजात जन्मलेला, पेशाने शिक्षक, वृत्तीने कवी आणि नाटककार. डच कनिष्ठ सभागृहात निवडून आलेला तो पहिला इंडोनेशियन. गंमत म्हणा की विटंबना म्हणा, ज्यांच्यासाठी तो बोलणार होता त्या कोट्यवधी लोकांपैकी कोणीही आपल्या गावात, आपल्या बेटावर त्याला मत देऊ शकत नव्हता. त्याला निवडून आणले ते डच कामगारांनी.

आठ दशलक्ष आणि साठ दशलक्ष

त्या काळच्या नेदरलँड्सची लोकसंख्या होती जेमतेम ८० लाख. त्याच्या ताब्यातील पूर्वेकडच्या बेटांची, म्हणजे आजच्या इंडोनेशियाची लोकसंख्या १९३० च्या खानेसुमारीनुसार सहा कोटींच्या वर. त्यातले बहुसंख्य मुसलमान. म्हणजे एक डच नागरिक आणि त्याच्यामागे सात वसाहतवासी असा हिशेब. मसाले, साखर, कॉफी, रबर, कथील आणि तेल या बेटांवरून जात असे आणि अॅमस्टरडॅम, रॉटरडॅमच्या पेढ्या त्यावर उभ्या होत्या. पण या सहा कोटींच्या भवितव्याचा निर्णय ज्या सभागृहात होत असे, त्याची मतपेटी वसाहतीत कधीच पोहोचली नाही.

बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, १९१८ पासून ‘लोकसभा’ या अर्थाच्या नावाचे एक मंडळ होते. त्यात काही देशी सभासदही बसत. पण ते मंडळ सल्ला देई, सत्ता गव्हर्नर जनरलच्या हाती असे. १९३१ ते १९३६ या काळात त्या पदावर असलेल्या दे यॉन्गे यांनी तर, आम्ही तीनशे वर्षे चाबूक आणि दंडुक्याच्या जोरावर येथे राज्य केले आणि आणखी तीनशे वर्षे करू, अशा आशयाचे उद्गार काढले होते. धर्माबाबतचे धोरणही असेच हिशेबी होते. लायडनचे पंडित स्नूक हुर्ग्रोन्ये, जे १८८५ मध्ये अब्दुल गफ्फार हे नाव घेऊन मक्केत राहून आले होते, त्यांनी सरकारला सल्ला दिला होता : नमाज, रोजा, हज यात ढवळाढवळ करू नका, पण राजकारणात उतरलेला इस्लाम दिसला की सवलत देऊ नका. सरकारला मुसलमानाचा मुसल्ला चालत होता, त्याचा मोर्चा चालत नव्हता.

मोर्चा मात्र निघालाच. १९१२ मध्ये उभ्या राहिलेल्या सरेकत इस्लाम या संघटनेत बाटिक कापडाच्या व्यापाऱ्यांपासून मळ्यातल्या मजुरांपर्यंत लाखो लोक आले. हेंक स्नेफलीट या डच समाजवाद्याने १९१४ मध्ये जावात एक छोटी संघटना काढली होती. तिचे कार्यकर्ते सरेकत इस्लाममध्ये मिसळले आणि १९२० मध्ये त्यातूनच इंडोनेशियाचा कम्युनिस्ट पक्ष जन्मला. हाजी मिस्बाह यांच्यासारखे लोक कुराणातील न्यायाची शिकवण आणि कष्टकऱ्यांचा लढा यांत विरोध मानत नव्हते. त्यांना १९२४ मध्ये दूरच्या मानोक्वारीला हद्दपार करण्यात आले, तेथेच १९२६ मध्ये त्यांचा अंत झाला. त्याच वर्षाअखेर पश्चिम जावातील बांतेनमध्ये आणि १९२७ च्या आरंभी पश्चिम सुमात्रात उठाव झाले. बांतेनच्या उठावात गावोगावचे धर्मशिक्षकही होते. उठाव मोडला गेला. सुमारे १३ हजार लोकांना अटक झाली आणि तेराशेच्या वर माणसे न्यू गिनीच्या जंगलातील बोव्हेन दिगुल या छावणीत पाठवली गेली. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. तापाने आजारलेल्या त्या छावणीचे नाव पुढे एका पिढीच्या तोंडी राहिले.

मिनांगकाबाऊचे तीन पुत्र

पश्चिम सुमात्रातील मिनांगकाबाऊ समाज हा जगाच्या मुस्लिम नकाशावरचा एक वेगळाच ठिपका आहे. हे लोक निष्ठावान मुसलमान, पण त्यांचे कूळ आईकडून चालते. वडिलोपार्जित घर आणि शेती लेकीकडे जाते. मुलगे वयात येऊ लागले की रात्री झोपायला ‘सुराउ’मध्ये, म्हणजे गावच्या प्रार्थनागृहात जात. कुराणपठण आणि कुस्तीसारखी ‘सिलात’ ही विद्या तेथेच शिकत. पुढे नशीब काढण्यासाठी मुलुख सोडून बाहेर पडायचे, याला ‘मेरांताऊ’ म्हणतात. घरात वाटा नसलेल्या या तरुणांनी इंडोनेशियाला कितीतरी लेखक, विचारवंत आणि पुढारी दिले. डच संसदेच्या उंबरठ्यावर गेलेले तिघे याच मातीतले आहेत. तिघांनी तीन वेगवेगळे मार्ग निवडले.

पहिला तान मलाका. शाळामास्तर आणि कम्युनिस्ट कार्यकर्ता. १९२२ मध्ये सरकारने त्याला देशाबाहेर काढले. तो हॉलंडला पोहोचला आणि तेथील कम्युनिस्ट पक्षाने त्याच वर्षीच्या निवडणुकीत आपल्या यादीत त्याला तिसरे स्थान दिले. वसाहतीतील माणूस डच निवडणुकीला उभा राहण्याची ही पहिली वेळ. यश मिळेल अशी त्याला आशा नव्हती, सभांमधून इंडोनेशियाची हकीकत सांगता यावी एवढाच हेतू होता. अपेक्षेहून अधिक मते मिळाली, जागा मिळाली नाही. त्या वर्षाअखेर मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनात त्याने स्वतःच्याच पक्षबंधूंना बजावले की, जगभरच्या मुसलमानांच्या एकजुटीला सरसकट प्रतिगामी म्हणून हिणवू नका, आमच्याकडे ती साम्राज्याविरुद्धच्या लढ्याची भाषा आहे. पुढची दोन दशके त्याने नावे बदलत आशियाभर भूमिगत काढली.

दुसरा मोहम्मद हट्टा. बुकित्तिंगीचा, धर्मगुरूच्या घराण्यातला, काटेकोर स्वभावाचा अर्थशास्त्री. अकरा वर्षे तो हॉलंडमध्ये विद्यार्थी होता. १९२७ मध्ये ब्रुसेल्सला साम्राज्यवादविरोधी परिषद भरली तेव्हा तो तेथे होता, आपले जवाहरलाल नेहरूही होते. त्याच वर्षी त्याला हेगमध्ये अटक झाली. १९२८ मध्ये न्यायालयात त्याने स्वतंत्र इंडोनेशियाची बाजू मांडली आणि निर्दोष सुटला. १९३२ मध्ये तो मायदेशी परतला आणि काही महिन्यांतच हॉलंडच्या स्वतंत्र समाजवादी पक्षाचा निरोप आला : आमच्या यादीतून संसदेसाठी उभे राहा.

या निरोपाने इंडोनेशियात वादळ उठले. हट्टाने होकार दिला अशी बातमी पसरली. सुकार्नोने टीका केली की, राज्यकर्त्यांच्या सभागृहात जाणे म्हणजे असहकाराचे तत्त्व सोडणे. ‘असहकार’ हा शब्द आपल्या वाचकांना ओळखीचा वाटेल. खिलाफत आणि असहकाराच्या दिवसांत भारतात गाजलेली ती कल्पना एव्हाना इंडोनेशियातही रुजली होती. हट्टाचे उत्तर शांत होते. असहकार ही पोथी नव्हे, लढण्याची रीत आहे. वसाहतीतले सल्लागार मंडळ वेगळे आणि खुद्द डच संसद वेगळी. पण आपली गरज आत्ता देशात आहे, म्हणून आपण जाणार नाही. तत्त्वाने दार उघडे ठेवले, व्यवहाराने पाऊल मागे घेतले. योगायोग असा की १९३३ च्या निवडणुकीत त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही.

तिसरा रुस्तम एफेंदी. जन्म १३ मे १९०३, पादांग. बांडुंगला शिक्षकाचे शिक्षण, मग गावी मास्तरकी. १९२६ मध्ये त्याचा ‘पर्चिकान पर्मेनुंगान’ हा कवितासंग्रह आला. पंतुन आणि स्याईर या मलय भाषेच्या जुन्या बांधीव छंदांची चौकट त्याने मोडली. त्याच सुमारास ‘बेबासारी’ हे पद्यनाटक लिहिले. इंडोनेशियन भाषेतील आधुनिक नाटकाचा आरंभ अनेक अभ्यासक त्याच्यापासून धरतात. त्याची गोष्ट रामायणाच्या वळणाची आहे. रावणाच्या कैदेत बेबासारी नावाची राजकन्या आहे, तिला सोडवायला बुजांगा नावाचा तरुण निघतो. मलय भाषेत ‘बेबास’ म्हणजे मोकळा, स्वतंत्र. रावण कोण, कैदेत कोण, हे प्रेक्षकाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. सरकारलाही ते समजले आणि नाटकावर त्याची वक्रदृष्टी वळली. मुस्लिम लेखकाने स्वातंत्र्याची कथा सांगताना रामायणाचा आधार घेणे तेथे कोणालाही वावगे वाटले नाही. सुमात्रा-जावाच्या मुसलमानाला राम, सीता, रावण ही आपल्याच गोष्टीवेल्हाळ आजीची माणसे वाटतात. संतकवी शेख महंमदांची ओवी वारसा म्हणून सांगणाऱ्या आपल्यासारख्या मराठी मुसलमानांना हे वेगळे पटवून द्यायला नको.

लेखणीने जे थोडक्यात निभावले ते पुढे निभेना. विसाव्या दशकाच्या अखेरीस रुस्तम हॉलंडला गेला आणि तेथील कम्युनिस्ट पक्षात दाखल झाला.

एक जहाज, दोन टोके

१९३३ चे वर्ष उजाडले तेच काळवंडून. जागतिक मंदीने कारखाने बंद पडले होते. ३० जानेवारीला शेजारच्या जर्मनीत हिटलर चॅन्सलर झाला. आणि फेब्रुवारीत सुमात्राच्या टोकाशी एक घटना घडली, जिने डच निवडणुकीचा सूरच बदलला.

सरकारने नौदलात पगारकपात जाहीर केली होती. सुराबायात खलाशांनी निषेध केला, तेव्हा अनेकांना कैदेत टाकले गेले. ४ फेब्रुवारीच्या रात्री अचेहच्या किनाऱ्याला ‘दे झेवेन प्रोव्हिन्सिएन’ ही युद्धनौका उभी होती. बरेच अधिकारी किनाऱ्यावर मेजवानीला गेले होते. तेवढ्यात इंडोनेशियन खलाशांनी जहाज ताब्यात घेतले. काही गोरे खलाशीही त्यांच्याबरोबर होते. आपला हिंसाचाराचा इरादा नाही, पगारकपात रद्द करा आणि आमच्या सोबत्यांना सोडा, असा संदेश त्यांनी बिनतारी यंत्रावरून जगाला कळवला आणि जहाज सुराबायाच्या दिशेने हाकले. १० फेब्रुवारीला सुंदा सामुद्रधुनीजवळ सरकारी विमानाने जहाजावर बाँब टाकला. २३ माणसे मेली.

यावर हॉलंडमध्ये दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटल्या. एका टोकाला हेंद्रिक कोलाइन. कट्टर प्रोटेस्टंटांच्या क्रांतिविरोधी पक्षाचा हा नेता तरुणपणी वसाहतीच्या फौजेत अधिकारी होता, पुढे तेलकंपनीचा मोठा संचालक झाला. वेळ पडल्यास ते जहाज पाणतीराने समुद्राच्या तळाला पाठवावे, अशी त्याची भाषा होती. १८९४ मध्ये लोंबोकच्या मोहिमेतून त्याने पत्नीला एक पत्र लिहिले होते. दयेची याचना करणाऱ्या स्त्रिया आणि मुलांना आपल्या हुकमावरून गोळ्या घातल्याचा त्यात उल्लेख आहे. ते पत्र त्याच्या चरित्रकाराने १९९८ मध्ये उजेडात आणले, तेव्हा डच वाचक हादरले. १९३३ चा मतदार मात्र त्याच्याकडे कणखर हाताचा, वादळात नाव सांभाळणारा सुकाणूधारी म्हणून पाहत होता.

दुसऱ्या टोकाला स्नेफलीट. जावातून १९१८ मध्ये हद्दपार झालेला, १९२१ मध्ये चीनच्या कम्युनिस्ट पक्षाच्या पहिल्या अधिवेशनाला हजर असलेला हा माणूस आता स्वतःचा छोटा क्रांतिकारी समाजवादी पक्ष चालवत होता. त्याने खलाशांच्या बाजूने पत्रक काढले आणि त्यापायी तुरुंगात गेला. कम्युनिस्ट पक्षाची निवडणुकीतली घोषणाही तितकीच थेट होती : इंडोनेशिया हॉलंडपासून मोकळा, आणि आत्ताच! त्यांच्या यादीत रुस्तम एफेंदीचे नाव होते.

येथे डच निवडणूक पद्धतीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण सारी खुबी त्यातच आहे. १९१८ पासून तेथे मतदारसंघ नाहीत. सारा देश एकच मतदारसंघ. पक्ष उमेदवारांची यादी देतो आणि देशभरातील मतांच्या प्रमाणात त्याला जागा मिळतात. १०० जागा, म्हणजे साधारण शेकडा एक मत मिळाले की एक जागा. स्त्रियांना १९२२ च्या निवडणुकीपासून मत होते आणि मतदान सक्तीचे होते. अशा पद्धतीत छोटे पक्ष तगतात. १९३३ मध्ये पन्नासहून अधिक याद्या मैदानात होत्या आणि १४ पक्षांनी खाते उघडले.

निकाल लागला. कॅथलिक पक्ष ३० वरून २८ वर आला, तरी पहिलाच राहिला. समाजवादी मजूर पक्ष २४ वरून २२ वर घसरला. या पक्षाची भूमिका धड इकडे ना तिकडे अशी झाली होती. कोलाइनचा पक्ष १२ वरून १४ वर गेला. राष्ट्राच्या ‘पुनरुत्थाना’ची हाक देणाऱ्या एका कडव्या पक्षालाही एक जागा मिळाली. आणि दुसऱ्या बाजूला कम्युनिस्ट २ वरून ४ वर गेले. त्यांना १ लाख १८ हजारांवर मते पडली, शेकडा तीनहून थोडी अधिक. स्नेफलीट तर तुरुंगात असतानाच निवडून आला. मंदीची झळ होतीच. पण एकाच जहाजाच्या धुराने दोन्ही टोके गडद केली आणि मध्य फिका पडला, हे नाकारता येत नाही.

मुंबईच्या वाचकाला येथे शापुरजी सकलातवाला आठवतील. १८७४ मध्ये मुंबईत जन्मलेला हा पारशी कम्युनिस्ट १९२२ आणि १९२४ मध्ये लंडनच्या उत्तर बॅटरसी मतदारसंघातून ब्रिटिश संसदेवर गेला. त्याच्या आधी १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी गेले होते. दोघांनीही हिंदुस्थानचे गाऱ्हाणे तेथे मांडले. पण त्यांच्यामागे एक गाव होते, गल्लीबोळ होते, तेथल्या मतदाराची घरभाड्याची आणि बेकारीची तक्रारही त्यांना सोडवावी लागे. रुस्तमच्या मागे गल्ली नव्हती, यादी होती. त्याला सभागृहात बसवले ते पक्षाने, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

सभागृहात

नुकतीच तिशी गाठलेला रुस्तम हेगच्या सभागृहात बसला तेव्हा तेथला सर्वात तरुण सभासद होता. मे महिन्यात कोलाइन पंतप्रधान झाला आणि वसाहतींचे खातेही त्याने स्वतःकडेच घेतले. म्हणजे समोरासमोर गाठ पडली ती अशी : एकीकडे सुमात्राचा कवी, दुसरीकडे वसाहतीच्या फौजेत नाव कमावलेला जुना अधिकारी. एक जण चार जणांच्या गटातला, दुसरा पाच पक्षांच्या मंत्रिमंडळाचा प्रमुख. रुस्तमचे काम प्रामुख्याने वसाहतीच्या प्रश्नांभोवती राहिले.

फरक काय पडला? आकड्यांच्या हिशेबाने काहीच नाही. १ ऑगस्ट १९३३ ला सुकार्नोला पुन्हा अटक झाली आणि पुढे फ्लोरेस बेटावर धाडण्यात आले. फेब्रुवारी १९३४ मध्ये हट्टा आणि सुतान शाहरीर यांना पकडून १९३५ मध्ये दिगुलला पाठवले. संसदेत जायला नकार देणाराही छावणीत गेला, संसदेत जाणाऱ्याला ते थांबवता आले नाही. १९३६ मध्ये बटाव्हियाच्या सल्लागार मंडळातील सुतार्जो या सौम्य प्रकृतीच्या सभासदाने एक अर्ज मंजूर करून घेतला. स्वातंत्र्य नको, निदान दहा वर्षांत स्वायत्तता कशी देता येईल याची परिषद तरी बोलवा. १९३८ मध्ये तोही फेटाळला गेला. ‘आत्ताच’ म्हणणाऱ्याला नाही, ‘सावकाश’ म्हणणाऱ्यालाही नाही.

आणि इथेच या कहाणीतला खरा काटा आहे. १९३५ नंतर जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांचे धोरण बदलले. फॅसिझम हा पहिला शत्रू, त्याच्याविरुद्ध सर्वांशी आघाडी, असा आदेश निघाला. हॉलंडमध्येही धोका खोटा नव्हता. मुसर्टच्या नाझीवादी पक्षाने १९३५ च्या प्रांतिक निवडणुकीत शेकडा आठच्या आसपास मते घेतली होती. पूर्वेकडे जपान सरकत होता. अशा वेळी डच कामगाराला आणि मध्यमवर्गाला बरोबर घ्यायचे, तर वसाहत ताबडतोब सोडा असे कसे म्हणायचे? पक्षाच्या घोषणेतला ‘आत्ताच’ हा शब्द मागे पडला. स्वातंत्र्याचा हक्क कागदावर राहिला, त्याची घाई राहिली नाही. १९३७ मध्ये पक्षाच्या जागा ४ वरून ३ झाल्या, त्यांतल्या एकीवर रुस्तम पुन्हा होता. पण ज्या शब्दासाठी त्याला पाठवले होते, तो शब्द आता त्याच्या मालकीचा नव्हता.

याचा दोष त्याच्यावर टाकणे सोपे आहे. पण विचार करा. पादांगचा किंवा बांतेनचा माणूस त्याला जाब विचारू शकत नव्हता, कारण त्याला मतच नव्हते. जाब विचारू शकत होता तो पक्ष. जो मत देतो तोच लगाम धरतो. हा माणसाच्या नियतीपेक्षा व्यवस्थेच्या रचनेचा प्रश्न आहे. उसनवारीच्या मतांवर मिळालेला आवाज मोठा असू शकतो, प्रामाणिकही असू शकतो, पण तो मुदतीचा असतो. सावकार बदलला की मुदत संपते.

मग ती जागा व्यर्थ होती का? मला तसे वाटत नाही. १९३३ च्या एप्रिलमध्ये १ लाख १८ हजार डच स्त्री-पुरुषांनी ‘इंडोनेशिया मोकळा करा’ असे म्हणणाऱ्या यादीवर खूण केली. त्यांतल्या पुष्कळांच्या मनात स्वतःची बेकारी अधिक असेल. तरीही साम्राज्याचे सारे लोक साम्राज्याच्या बाजूने नव्हते, हे त्या मतपत्रिकांनी नोंदवून ठेवले. जहाजावर गोरे आणि तपकिरी खलाशी एकत्र उभे राहिले होते, तसेच हे. आणि ‘तेथील लोक समाधानी आहेत’ असे सभागृहात सांगितले जाताना तेथलाच एक माणूस समोर बसलेला असणे, हेही थोडे नाही. त्याच्या उपस्थितीने सत्ता बदलली नाही, पण अज्ञानाचा बहाणा संपला.

नंतर

मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंड घेतले. कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली आणि रुस्तम भूमिगत झाला. खलाशांसाठी तुरुंगात गेलेल्या स्नेफलीटला नाझींनी एप्रिल १९४२ मध्ये गोळ्या घातल्या. कोलाइनचाही शेवट जर्मन स्थानबद्धतेत १९४४ मध्ये झाला. १७ ऑगस्ट १९४५ ला जकार्तात सुकार्नो आणि हट्टा यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. रुस्तमचे सभासदत्व १९४६ मध्ये संपले, पक्षाशीही फाटले, आणि १९४७ मध्ये तो मायदेशी परतला. पण ज्या लढ्याचा आवाज तो परदेशात होता, त्याचे नेते आता दुसरे होते. १९७९ मध्ये जकार्तात त्याचे निधन झाले. इंडोनेशियात त्याची आठवण आज आहे ती खासदार म्हणून कमी, ‘बेबासारी’चा कर्ता म्हणून अधिक. तान मलाका १९४९ च्या आरंभी आपल्याच देशाच्या सैनिकांच्या गोळीला बळी पडला. आणि २७ डिसेंबर १९४९ रोजी अॅमस्टरडॅमच्या राजवाड्यात राणी युलियानाकडून सार्वभौमत्वाची सनद घ्यायला गेला तो मोहम्मद हट्टा. यादीतली जागा नाकारलेला माणूस.

यावरून नकार देणारा बरोबर आणि जाणारा चूक, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो टाळावा. हट्टाच्या मागे १९४९ मध्ये देश उभा होता, लढलेली माणसे होती, मेलेली माणसे होती. १९३३ मध्ये रुस्तमच्या मागे यांतले काहीच संघटित रूपात हॉलंडमध्ये नव्हते. प्रतिनिधीची ताकद त्याच्या खुर्चीत नसते, ती त्याला जाब विचारू शकणाऱ्या लोकांत असते. लोक नसतील तर खुर्ची साक्षीपुरती उरते.

पण साक्षीलाही किंमत असते, फक्त ती उशिरा वसूल होते. डच सरकार स्वातंत्र्याची तारीख १९४९ ची धरत आले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये पंतप्रधान मार्क रुट्टे यांनी १९४५ ते १९४९ च्या डच हिंसाचाराबद्दल माफी मागितली. जून २०२३ मध्ये त्यांनी संसदेत सांगितले की १७ ऑगस्ट १९४५ हाच इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन आपण पूर्णपणे आणि कोणतीही अट न घालता मानतो. ज्या संसदेत रुस्तमच्या पक्षाची ‘आत्ताच’ची मागणी १९३३ मध्ये मूठभरांची ठरली होती, त्याच संसदेत हे वाक्य बोलले गेले. मध्ये ९० वर्षे गेली.

आपले किती निवडून आले, हे आपण मोजत राहूच. त्याबरोबर एवढेही विचारावे : निवडून आलेला उद्या आपला शब्द विसरला, तर त्याचा हात धरायला आपण तेथे असू का?